‘पुष्कळांचे पुष्कळ सुख’ : हिशेब चुकतो की तत्त्व चुकते?

ताळेबंद

उपयुक्ततावादावर, म्हणजे सगळ्यांचे मिळून जास्तीत जास्त भले होईल ते कृत्य योग्य या मतावर, चर्चा निघाली की दोन-तीन प्रतिसादांतच ती ‘बहुमताच्या सुखासाठी अल्पमताचा बळी’ या मुक्कामाला पोचते. आक्षेप वजनदार आहे, पण तो नेमका कशावर आहे हे तपासले जात नाही. हिशेब चुकीचा मांडला म्हणून उत्तर वाईट आले, की हिशेब चोख मांडूनही उत्तर वाईटच येते? पहिल्यात दोष मांडणाऱ्याचा, दुसऱ्यात तत्त्वाचा. या धाग्यावर एवढीच वाटणी करायची आहे. उदाहरण आणा, आकडे मांडा, मग ठरवू.

आधी तत्त्वाचे भाग सुटे करून ठेवतो, कारण भांडण बहुतेक वेळा यातल्या एकाच भागाशी असते. पहिला भाग असा की कृत्याची बरी-वाईट पारख त्याच्या परिणामांवरून करायची. दुसरा, परिणामांमध्ये मोजायचे ते फक्त संबंधितांचे हित. कुळाचा मान, शास्त्राची आज्ञा, राष्ट्राची शान यांना स्वतंत्र खाते नाही, त्यांनी कुणाचे भले-बुरे होत असेल तेवढेच धरायचे. तिसरा, सगळ्यांच्या हिताची बेरीज करायची आणि त्या बेरजेत राजाचा एक आणि रंकाचाही एकच. ज्याला बळीचा बकरा खटकतो त्याचे भांडण तिसऱ्या भागाशी आहे. ज्याला ‘खोटे बोलणे ते खोटेच’ असे वाटते त्याचे पहिल्याशी. दोघे एकाच आवेशात बोलतात म्हणून एकाच बाजूचे वाटतात, पण ते तसे नाहीत.

या मताचा प्रवर्तक, इंग्रज विचारवंत बेंथमने १७८९ च्या ग्रंथात सुख-दुःख मोजायला सात मापे दिली : तीव्रता, अवधी, निश्चिती, समीपता, त्यातून पुढे आणखी सुख निपजण्याची शक्यता, त्यात दुःखाची भेसळ किती, आणि किती जणांपर्यंत पोचते. यातले सातवे माप लोकांच्या तोंडी राहिले, उरलेली सहा गळून पडली. ‘पुष्कळांचे’ म्हणजे ‘जास्त डोकी ज्या बाजूला ती बाजू’ हा गैरसमज तिथूनच रुजला असे माझे मत आहे.

कृष्णाकाठ

चांगला विषय. मराठीतला सर्वात खणखणीत आक्षेप ‘गीतारहस्या’त आहे, तिथूनच सुरुवात करावी. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेला आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेला हा ग्रंथ. त्याच्या चौथ्या प्रकरणाचे नावच ‘आधिभौतिक सुखवाद’. बेंथम आणि त्याच्यानंतरचा उपयुक्ततावादी जॉन स्टुअर्ट मिल दोघांचीही तिथे झडती आहे.

त्यातला पहिला दाखला थेट कुरुक्षेत्रावरचा. कौरवांकडे अकरा अक्षौहिणी, पांडवांकडे सात. पांडव हरले असते तर अकरा अक्षौहिणींना सुख झाले असते, म्हणून कौरवांचा पक्ष न्याय्य ठरतो काय? डोकी मोजून नीती ठरत नाही, हे यापेक्षा थोडक्यात कसे सांगायचे?

ताळेबंद

कृष्णाकाठ, दाखला जबरदस्त आहे, पण तो ‘पुष्कळांचे’ या शब्दाला लागतो, बेरजेला लागत नाही. आणि गंमत नव्हे, खरोखरच बेंथमने स्वतः हाच आक्षेप ‘पुष्कळांचे पुष्कळ सुख’ या आपल्या घोषवाक्यावर घेतला होता.

ते वाक्य मुळात त्याचे नव्हे. हचिसन या तत्त्वज्ञाने १७२५ मध्ये तशा अर्थाचे लिहिले, बेंथमने १७७६ मध्ये ते उचलले. पुढे १८२९ मध्ये त्याने हिशेब मांडून दाखवला : समजा ४,००१ लोकांचा समाज आहे, २,००१ एका बाजूला, २,००० दुसऱ्या बाजूला. त्या २,००० जणांना गुलाम करून २,००१ मध्ये वाटून टाकले तर एकंदर सुख वाढेल की घटेल? घटेल, हे त्याचे उत्तर. म्हणून ‘पुष्कळांचे’ हा शब्दच गाळावा, नुसते ‘जास्तीत जास्त सुख’ म्हणावे, असे त्याने ठरवले.

का घटते ते आकड्यात बघा. गुलाम झालेल्याचे नुकसान १० धरा, मालक झालेल्याचा फायदा ३ धरा (आकडे समजुतीसाठी घेतलेले). फायदा ६,००३, तोटा २०,०००. एका डोक्याचे बहुमत इथे काहीच कामाचे नाही.

आता हीच रीत कुरुक्षेत्राला लावा. सैन्य म्हणजे प्रजा नव्हे. मोजायची ती अठरा अक्षौहिणी, त्यांच्या घरची माणसे आणि दोन्हीकडची रयत. शिवाय युद्धाआधी पांडवांनी मागितली होती फक्त पाच गावे. दुर्योधनाच्या साम्राज्यातून पाच गावे गेली तर त्याला काय कमी पडणार होते? आणि वनवास भोगून आलेल्या पाच भावांना त्या गावांची किंमत केवढी होती? अर्थशास्त्रात शिकवतात तो घटत्या सीमान्त उपयोगितेचा नियम हाच. सुईच्या टोकावर मावेल इतकीही माती न देणारा दुर्योधन या बेरजेत नापास होतो. दाखल्याचे उत्तर टिळकांच्या बाजूनेच लागते, फक्त उपयुक्ततावादी हिशेबाने.

मोहरी

हे पटले. पण त्याच प्रकरणात ट्रामचा दाखला आहे, तो एवढ्या सहज सुटणार नाही. अमेरिकेतल्या एका मोठ्या शहरात ट्राम सुरू करायची होती, सरकारी मंजुरीला उशीर होत होता. कंपनीच्या व्यवस्थापकाने अधिकाऱ्यांना लाच दिली, मंजुरी मिळाली, ट्राम झाली, शहराची सोय झाली. पुढे बिंग फुटले आणि व्यवस्थापकावर फौजदारी खटला झाला. पहिल्या ज्यूरीचे एकमत होईना, दुसरी नेमली, तिने त्याला दोषी ठरवले. टिळकांचा प्रश्न सरळ आहे : पुष्कळांचे पुष्कळ सुख झालेच होते, मग शिक्षा कशाची?

इथे बळी कुणाचाच नाही. सगळा फायदाच दिसतो.

त्रैराशिक

मोहरीताई, ‘सगळा फायदाच’ दिसतो कारण तुलना चुकीच्या गोष्टीशी केली आहे. हिशेबातली ही सर्वात जास्त आढळणारी चूक, म्हणून सावकाश मांडतो.

तुलना ‘ट्राम आहे’ आणि ‘ट्राम नाही’ यांची नाही. मंजुरी उशिरा का होईना, मिळणारच होती. तुलना आहे ‘आज ट्राम’ आणि ‘सहा महिन्यांनी ट्राम’ यांची. समजा रोज २०,००० उतारू, प्रत्येकाची १० मिनिटे वाचतात. दिवसाला २ लाख मिनिटे, म्हणजे सुमारे ३,३३३ तास. महिन्याला १ लाख तास. सहा महिन्यांचे ६ लाख तास. लाचेच्या जमेच्या बाजूला एवढेच टाकता येते. ट्राम पुढे चाळीस वर्षे धावली तरी ती चाळीस वर्षे लाचेच्या खात्यावर टाकता येत नाहीत, कारण ती लाच न देताही मिळालीच असती.

आता नावे बाजू. अडवणूक केली की पैसे मिळतात हे एकदा कळले की अधिकारी पुढची फाईलही अडवून ठेवतो. याच आकाराच्या सेवेची पुढची प्रत्येक मंजुरी फक्त एक महिना लांबली, तर दर मंजुरीमागे १ लाख तास गेले. अशा सहा फायली अडल्या की सगळी जमा संपली, सातवीपासून निव्वळ तोटा. यात अजून लाचेची रक्कम भाड्यातून उतारूंकडूनच वसूल होणार हे धरलेले नाही, आणि लायक पण लाच न देणारा ठेकेदार बाहेर फेकला जाणार हेही नाही. बेंथमच्या सात मापांतले पाचवे, ‘पुढे काय निपजेल’, ते हेच. दुसऱ्या ज्यूरीचा निकाल बेरजेच्या विरुद्ध नव्हता.

कृष्णाकाठ

हिशेब सुरेख. पण तुमचे सगळे उत्तर ‘इतर अधिकाऱ्यांना कळले’ यावर टेकलेले आहे. कळलेच नाही तर? एकच व्यवस्थापक, एकच अधिकारी, बदली होऊन निघून गेलेला, पुढची एकही फाईल अडली नाही. मग ६ लाख तास जमा आणि नावे शून्य. तेव्हा लाच योग्य म्हणणार का?

टिळकांचा रोख शेवटी इथेच आहे. कर्म बाहेरून कसे दिसते यापेक्षा करणाऱ्याची बुद्धी कशी आहे ते बघा, असे ते म्हणतात. तुमच्या तराजूत बुद्धीला पारडेच नाही.

ताळेबंद

पारडे आहे, पण वेगळ्या जागी आहे. मिलने कृत्याची पारख आणि माणसाची पारख वेगळी ठेवली. बुडणाऱ्याला वाचवले तर कृत्य योग्य, मग ते कर्तव्य म्हणून असो की बक्षिसाच्या आशेने. माणूस कसा आहे, त्याच्यावर उद्या विश्वास टाकायचा की नाही, हे ठरवताना मात्र हेतू बघायचाच. टिळकांना ही फारकत मान्य नाही. हा खरा मतभेद आहे आणि आकड्यांनी तो मिटणार नाही.

गुपित लाचेबद्दल : इथे उपयुक्ततावाद्यांमध्येच दोन तट आहेत. सिज्विकने १८७४ मध्ये प्रामाणिकपणे लिहून टाकले की उघड पुरस्कार करता येणार नाही अशी गोष्ट गुप्तपणे करणे क्वचित योग्य ठरू शकते. सरळ हिशेबाने तो बरोबर आहे, आणि म्हणूनच तो निष्कर्ष अंगावर येतो. दुसरा तट हेअरचा, १९८१ चा. रोजच्या व्यवहारात नियमाने चालायचे : लाच नाही, खोटे नाही, वचन पाळायचे. बेरजेचा विचार नियम ठरवताना आणि दोन नियम एकमेकांवर आदळले तर करायचा. कारण ज्या क्षणी लाच द्यायची वेळ येते त्या क्षणी ‘हे कुणाला कळणार नाही’ हा अंदाज करणारा माणूस स्वतः गरजू असतो, घाईत असतो आणि स्वतःच्या बाजूला झुकलेला असतो. त्याची मोजपट्टी त्या क्षणापुरती भरवशाची नाही.

कृष्णाकाठ, तुमच्या अगदी निर्भेळ उदाहरणात, जिथे खरोखर कुणालाच कधी कळत नाही, तिथे मी मान्य करतो : बेरीज लाचेच्या बाजूने जाते. हा तत्त्वाच्या खात्यावरचा आक्षेप म्हणून लिहून ठेवा.

भीमथडी

मोजणारा झुकलेला असतो म्हणालात म्हणून आमच्या भागातला एक मोठा दाखला. उपयुक्ततावाद आणि महाराष्ट्र यांचा सर्वात प्रत्यक्ष संबंध पुस्तकात नाही, इंदापूरच्या शेतात आहे.

जेम्स मिल, म्हणजे बेंथमचा जवळचा सहकारी आणि जॉन स्टुअर्ट मिलचा बाप, १८१९ पासून लंडनच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या कचेरीत होता. त्याचे म्हणणे असे : लागवडीचा सगळा खर्च आणि शेतकऱ्याचा नफा वजा जाता जमिनीच्या कसामुळे जे उरते त्यावरच सारा घेतला तर कुणाचेच नुकसान नाही, उत्पादन घटत नाही, आणि मधल्या ऐतखाऊ जमीनदाराची गरज नाही. कागदावर याहून न्याय्य कर नाही.

प्रिंगल नावाच्या तरुण मुलकी अधिकाऱ्याने १८२७-२८ पासून पुणे जिल्ह्यात हेच केले. शेते मोजली, काळी, तांबडी, बरड अशा प्रती लावल्या, प्रत्येक प्रतीचे एकूण पीक काढले, बैल, बी, मजुरी सगळा खर्च वजा केला, आणि उरलेल्या निव्वळ उत्पन्नाचा ५५ टक्के हिस्सा सरकारचा ठरवला. १८३० मध्ये इंदापूरला हा आकार, म्हणजे साऱ्याचा दर, लागू झाला. काही वर्षांत शेते पडीक, सूट देऊन देऊन कचेरी हैराण, लोक गाव सोडून चाललेले. १८३५ मध्ये गोल्डस्मिड या अधिकाऱ्याने चौकशी केली आणि विंगेट या दुसऱ्या अधिकाऱ्याच्या साथीने १८३६ मध्ये नवा आकार बसवला.

त्रैराशिकांच्या पद्धतीने दाखवतो की बिघडले कुठे. समजा एका बिघ्याचे एकूण पीक १० रुपयांचे, खर्च ८ रुपये, निव्वळ २, सरकारचे १ रुपया १० पैसे. आता खर्चाच्या अंदाजात एकाच रुपयाची चूक झाली, खरा खर्च ९ रुपये होता. निव्वळ उरला १ रुपया, सारा मात्र १.१०. खर्चात आठव्या हिश्शाची चूक आणि शेतकऱ्याच्या हातचे सगळे जाऊन वर कर्ज. दोन मोठ्या आकड्यांची वजाबाकी करून लहान आकडा काढला की मूळची लहान चूक त्या लहान आकड्यात अक्राळविक्राळ होते. त्यात प्रती लावणारे कारकून पैसे खाऊन बरडीची काळी आणि काळीची बरड करत, आणि त्याच वर्षांत धान्याचे भाव पडले.

विंगेट-गोल्डस्मिड यांनी निव्वळ उत्पन्नाचा नादच सोडला. जमिनीची खोली आणि दोष पाहून सोळा आण्यांच्या मापात एकमेकींशी तुलना केली : ही सोळा आणे, ती बारा, ती सहा. एकूण किती घ्यायचे ते मागच्या वर्षांत प्रत्यक्ष किती वसूल होत होते ते पाहून ठरवले आणि ३० वर्षांसाठी बांधून दिले. ‘कोणती जास्त चांगली’ हे माणसाला बऱ्यापैकी सांगता येते. ‘नेमकी किती चांगली’ हे सांगायला गेले की घसरते. सुख मोजतानाही हेच.

मोहरी

फार मोलाची माहिती. म्हणजे इंदापूरची चूक हिशेबाच्या खात्यावर?

भीमथडी

अर्धी. वजाबाकीची चूक हिशेबाची. पण बिघोटी कुणासाठी मोजली जात होती आणि चुकीची किंमत कुणी भरली, यात मोजणारा आणि भरणारा वेगळे होते. ज्याचे हित मोजायचे त्याला विचारायचेच नाही, ही खोड या परंपरेत होतीच. धाकटा मिलही १८२३ ते १८५८ कंपनीच्या नोकरीत, आणि स्वातंत्र्यावरच्या १८५९ च्या पुस्तकात ‘मागास’ लोकांवर त्यांच्या सुधारणेसाठी एकतंत्री राज्य चालेल असे लिहून गेला.

औषधीबाग

विचारूनही चुकते, याचा दाखला आरोग्य क्षेत्रातला आहे. ओरेगॉन, अमेरिका.

१९८७ मध्ये या राज्याने गरिबांच्या वैद्यकीय योजनेतून बहुतेक अवयव प्रत्यारोपणांचा खर्च बंद केला आणि तो पैसा जास्त लोकांच्या साध्या उपचारांकडे वळवायचे ठरवले. त्याच वर्षाअखेर ल्युकेमियाने आजारी असलेला सात वर्षांचा मुलगा प्रत्यारोपणावाचून गेला आणि राज्य हादरले. मग १९८९ मध्ये कायदा झाला : सगळ्या उपचारांची एक यादी करा, वरून खाली क्रम लावा, पैसे संपतील तिथे रेघ मारा. किट्झहाबर नावाचे आमदार, स्वतः आणीबाणी विभागातले डॉक्टर, यामागे होते.

रीत अशी. खर्च भागिले (उपचाराने जगण्याच्या दर्जात पडणारा फरक गुणिले तो फरक टिकण्याची वर्षे). दर्जा शून्य ते एक : शून्य मृत्यू, एक पूर्ण आरोग्य. उत्तर जितके लहान तितका उपचार यादीत वर. दर्जाची वजने ठरवायला १,००१ नागरिकांना फोन केले. ४७ गावसभाही घेतल्या.

मे १९९० मध्ये सुमारे १,६०० आजार-उपचार जोड्यांची पहिली यादी आली. त्यात दाताला कॅप बसवणे हे गर्भनलिकेत राहिलेल्या गर्भाच्या शस्त्रक्रियेच्या लगेच वर होते. ती शस्त्रक्रिया केली नाही तर बाई रक्तस्रावाने जाऊ शकते.

आकडे बघा. कॅप : खर्च सुमारे ३८ डॉलर, फरक ०.०८, टिकणार ४ वर्षे. ०.०८ × ४ = ०.३२. शस्त्रक्रिया : खर्च सुमारे ४,००० डॉलर, फरक ०.७१, टिकणार ४८ वर्षे. ०.७१ × ४८ = ३४ च्या वर थोडेसे. दोन्हींचा भागाकार ११८ च्या आसपास, म्हणून दोन्ही शेजारी-शेजारी. दुसऱ्या शब्दांत, एका शस्त्रक्रियेच्या पैशात सुमारे १०५ कॅप बसतात, आणि या यादीच्या मते १०५ कॅप आणि एक जीव सारखेच. तीच गत अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेची. जबड्याच्या सांध्याला लावायची पट्टी तिच्या जोडीला येऊन बसली. यादी मागे घ्यावी लागली.

मोहरी

हा निकाल तर थेट तत्त्वाच्या विरोधातच गेला ना? सूत्र बरोबर, बेरीज बरोबर, उत्तर भयानक.

त्रैराशिक

थांबा, आधी ०.०८ तपासू. या आकड्याचा बोलीभाषेत अर्थ काय? ४ वर्षांवर ०.०८ म्हणजे ०.३२ वर्ष, म्हणजे ११७ दिवस. थोडक्यात, कॅप मिळावी म्हणून माणूस आयुष्यातले जवळजवळ चार महिने द्यायला तयार आहे, असे हा आकडा सांगतो. कुणाही दातदुखीवाल्याला विचारा, देईल का चार महिने? समजा तो म्हणाला ‘फार तर एक आठवडा’. ७ भागिले ३६५ म्हणजे ०.०१९ वर्ष. आता कॅपचा भागाकार करा : ३८ भागिले ०.०१९ म्हणजे जवळपास २,०००. शस्त्रक्रियेचा ११८ च. कॅप सतरापट मागे गेली आणि यादी शहाणी झाली.

चूक प्रश्न विचारण्याच्या पद्धतीत आहे. ‘या त्रासाला शून्य ते शंभरात किती गुण द्याल?’ असे विचारले की माणूस पट्टीच्या टोकाला चिकटत नाही. दातदुखीलाही बारा-पंधरा गुण कापतो, कारण गुण फुकट असतात. ‘हा त्रास जावा म्हणून आयुष्यातले किती दिवस द्याल?’ असे विचारले की देण्याघेण्याचा प्रश्न होतो आणि आकडा घसरतो. तिसरी रीतही आहे : ‘किती जणांचा हा त्रास बरा झाला तर एक जीव वाचवल्याइतके मानाल?’ तीनही रीतींनी आलेले आकडे एकमेकांपासून लांब असतील तर त्या वजनावर कुठलाही निर्णय उभा करू नये.

नगरपालिकेचा आरोग्य निधी असो की एखाद्या संस्थेची देणगी, हाच क्रम ठेवावा. आधी ‘आपण काही केले नाही तर काय होईल’ ते लिहा. ट्रामची चूक तिथे टळते. मग ज्यांना फरक पडतो त्या सगळ्यांची यादी करा, खोलीत हजर नसलेल्यांसकट. एकक एकच ठेवा. वजाबाकीवर टेकलेला प्रत्येक आकडा थोडा वर आणि थोडा खाली करून बघा. क्रम लगेच उलटत असेल तर इंदापूर आठवा, तो आकडा निर्णयाला पुरेसा नाही. भविष्यातले फायदे आजच्या किमतीत आणताना दर सांगून टाका : सरकारी आरोग्यसेवेने कोणत्या उपचारांवर पैसा खर्च करावा हे सांगणारी ब्रिटनची नाइस संस्था ३.५ टक्के धरते. त्या दराने वीस वर्षांनंतरचे एक वर्ष आजच्या अर्ध्या वर्षाइतके होते, लशीसारख्या कामांना हे फार मारक आहे.

औषधीबाग

वजनाबद्दल त्रैराशिकांशी पूर्ण सहमत. ओरेगॉनने मात्र वजने दुरुस्त न करता सूत्रच सोडले. १७ गट पाडले, जीव वाचवणारे उपचार वरच्या गटांत घातले. १९९१ ची यादी ७०९ ओळींची, रेघ ५८७ व्या ओळीखाली. तरी ऑगस्ट १९९२ मध्ये केंद्र सरकारने ती फेटाळली, कारण वेगळे होते आणि माझ्या मते जास्त खोल होते : अपंगांविषयी भेदभाव. गटांच्या आत क्रम लावायला धडधाकट लोकांनी फोनवर दिलेली वजनेच होती, आणि त्यांनुसार चाकाच्या खुर्चीतल्या माणसाचे एक वर्ष पूर्ण एक धरले जात नाही. मग त्याचा जीव वाचवण्याचा ‘फायदा’ही कमी भरतो. आधी अपंगत्व, त्यात उपचाराच्या रांगेतही मागे. ती वजने वगळून पुढची योजना मार्च १९९३ मध्ये मंजूर झाली आणि फेब्रुवारी १९९४ ला सुरू झाली, ६९६ ओळींपैकी ५६५ ओळींना पैसा.

कृष्णाकाठ

त्रैराशिक, तुम्ही दुरुस्त केलेल्या आकड्यांनीच एक भागाकार करतो. शस्त्रक्रियेचे ३४, कॅपचे ०.०१९. म्हणजे सुमारे १,७७५ कॅप बरोबर एक जीव. आधी १०५ होते, आता १,७७५. अंक बदलला, गोष्ट तीच. तुमच्या बेरजेत असा कुठला तरी आकडा असणारच, ज्याच्या पलीकडे दातांच्या कॅपसाठी बाईला मरू द्यायचे. माझे म्हणणे असे की तो आकडाच नाही. दहा लाख कॅप आणल्या तरी नाही. दातदुखी ही एकेका माणसाची असते. ती दहा लाख जणांना असली तरी दहा लाखपट दुखणारे एक शरीर कुठे नसते.

ताळेबंद

हा आक्षेप मी तत्त्वाच्या खात्यावर लिहितो, त्याला हिशेबाने उत्तर नाही. १९७१ मध्ये अमेरिकन तत्त्वज्ञ रॉल्सने जो मुद्दा काढला की ही पद्धत माणसामाणसांतले वेगळेपण पुसून टाकते, तो हाच.

फक्त एक अडचण तुमच्यासमोर ठेवतो. महामार्गावर सगळ्या वाहनांना ताशी २० किलोमीटरची मर्यादा घातली तर जवळजवळ सगळे अपघाती मृत्यू टळतील. कुठलाही समाज ती घालत नाही, आणि आपण ते चुकीचे मानत नाही. कशासाठी नाही घालत? कोट्यवधी लोकांच्या तासा-दोन तासांसाठी. म्हणजे लहान-लहान सोयींची बेरीज जिवांच्या विरुद्ध आपण रोज मांडतो. ‘तो आकडाच नाही’ म्हणणाऱ्याला मर्यादा २० वर आणावी लागेल.

कृष्णाकाठ

रस्त्याचे उदाहरण वेगळे आहे. तिथे धोका सगळ्यांना थोडा-थोडा आहे आणि सोयही त्याच सगळ्यांना आहे. प्रत्येक जण स्वतःपुरता सौदा करतो आहे : माझे दोन तास, माझा लाखात काही धोका. कुणाचे नाव आधी लिहिलेले नाही. ओरेगॉनमधली बाई दवाखान्यात आलेली आहे, तिचे नाव केसपेपरवर आहे, आणि कॅप बसणार त्या दुसऱ्यांना.

औषधीबाग

कृष्णाकाठ, हा फरक मोठा आहे आणि वैद्यकीय नीतीत त्याला मान आहे. पण यादी करण्याच्या वेळी ती बाई कुठे होती? जानेवारीत पैसे वाटताना तीही ‘लाखात काही’ मध्येच होती. केसपेपर निघाला ऑगस्टमध्ये. पैसे वाटणाऱ्यासाठी ती रस्त्यावरची, वॉर्डातल्या डॉक्टरसाठी ती समोरची. दोघांनी एकाच पद्धतीने विचार करावा असे मला वाटत नाही. डॉक्टरने समोरच्या बाईसमोर कॅप मोजू नयेत. पण जानेवारीच्या खोलीत कुणीतरी मोजल्या नाहीत, तर ऑगस्टमध्ये त्या डॉक्टरच्या कपाटात रक्ताची पिशवी नसते.

कृष्णाकाठ

जानेवारीच्या खोलीत मोजा, मान्य. पण त्या खोलीत एक ओळ आधी लिहा : जिवावरचे आधी, मग बाकीचे, आणि बेरीज त्या ओळीच्या खालीच करा. ओरेगॉनने १७ गट पाडून शेवटी तेच केले.

त्रैराशिक

गटांची रेघ कुठे मारायची याला परत वजनच लागते. हजारात एकाचा जीव जाऊ शकतो असा गळू ‘जिवावरचा’ की ‘बाकीचा’? पुढच्या प्रतिसादात १९९१ च्या गटांची रचना मांडतो, त्यावर बोलू.